फेसाचा हिशेब

खंडेनवमीच्या सकाळी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठल्याही आळीत जा, झेंडूच्या माळा चढण्याआधी गाड्यांच्या आंघोळी चाललेल्या असतात. बादलीत शँपूची पुडी रिकामी होते, हाताने पाणी ढवळले जाते, आणि इथेच घराघरांत फरक पडतो. साताऱ्याच्या ज्या भागात कासच्या तलावाचे पाणी नळाला येते, तिथे अर्ध्या पुडीत बादली फेसाने भरते. तीच पुडी जत किंवा आटपाडीकडच्या वस्तीवर बोअरच्या पाण्यात सोडली तर फेस विरळ येतो, आणि मळके फडके दोनदा बुडवले की तोही बसतो. दोष मग शँपूवर जातो. माल डुप्लिकेट असावा असे ठरते, पुढच्या वेळी महागाची बाटली येते किंवा आणखी दोन पुड्या ओतल्या जातात. खरे तर गुन्हेगार बहुतेक वेळा बादलीत आधीपासून बसलेला असतो. फेसाचा प्रश्न साबणाच्या आधी पाण्याचा आहे, आणि गाडी धुणाऱ्याने फेस किती उठला यापेक्षा किती टिकला याकडे पाहावे, असे या प्रकरणात मांडायचे आहे.

निव्वळ पाण्याला टिकाऊ फेस येत नाही. पाणी कितीही घुसळले तरी बुडबुडा क्षणात फुटतो, कारण पाण्याचे कण एकमेकांना घट्ट ओढून धरतात आणि पृष्ठभाग शक्य तितका आकसून घेतात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्यात रमते आणि दुसरे तेलकट टोक पाण्याबाहेर डोके काढते. असे रेणू पृष्ठभागावर दाटीवाटीने उभे राहिले की ही ओढ निम्म्याहून कमी होते आणि पाण्याचा पातळ पडदा हवेभोवती ताणला जाऊ शकतो. पडदा एखाद्या जागी जास्त ताणला गेला तर तिथले साबणाचे रेणू विरळ होतात, तिथली ओढ वाढते आणि आजूबाजूचे पाणी त्या जागी खेचले जाऊन भोक बुजते. पृष्ठभागावरच्या अशा ओढाताणीला एकोणिसाव्या शतकातल्या कार्लो मारांगोनी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे की ही डागडुजी चालू राहायची तर पाण्यात मोकळे, कामाला तयार असे साबणाचे रेणू शिल्लक असावे लागतात. ते संपले की फेस बसतो.

ते संपतात कसे, याचे उत्तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. साधा साबण म्हणजे तेलातल्या स्निग्धाम्लांचा सोडियमशी झालेला क्षार. पाण्यात कॅल्शियम असेल तर तो सोडियमला बाजूला सारून स्निग्धाम्लाला चिकटतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. न्हाणीघराच्या फरशीवर आणि बादलीच्या आतल्या कडेवर जो पांढरट राप बसतो, तो हाच. कॅल्शियमचा एक कण साबणाचे दोन रेणू खातो. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पाण्याची कठीणता लिटरला 400 मिलिग्रॅम असेल, तर त्या एका लिटरमधला कॅल्शियम सुमारे 2.4 ग्रॅम शुद्ध साबण निकामी करतो. पंधरा लिटरच्या बादलीला 36 ग्रॅम. बाजारातल्या वडीत पाणी आणि इतर भर असते हे धरले, तर शंभर ग्रॅमची जवळजवळ निम्मी वडी त्या बादलीत विरघळून जाईल आणि तोवर टिकाऊ फेसाचे नावही दिसणार नाही. कठीणता 50 असेल तर त्याच बादलीचा कर साडेचार ग्रॅममध्ये भागतो. साबण तोच, हात तोच, फरक आठपटीचा.

फेसावरून पाणी मोजण्याची रीत याच हिशेबातून निघाली. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी 1841 च्या सुमारास ती घालून दिली. ठरावीक ताकदीचे साबणाचे पाणी बाटलीतल्या नमुन्यात थोडे थोडे घालायचे, दर वेळी बाटली जोराने हलवायची, आणि फेस पाच मिनिटे न मोडता टिकला की थांबायचे. जितके साबणपाणी लागले तितके पाणी कठीण. पुढे अनेक वर्षे प्रयोगशाळांतून ही पद्धत चालली, आणि इंग्रजी पद्धतीच्या कठीणतेच्या अंशाला क्लार्क यांचेच नाव मिळाले. हे घरीही करता येते. अंगाच्या साबणाचा कीस कोमट पाण्यात विरघळवून ठेवावा. दोन सारख्या पारदर्शक बाटल्यांपैकी एकीत पावसाचे किंवा एसीच्या नळीचे पाणी घ्यावे, दुसरीत घरचे. दोन्हींत ड्रॉपरने मोजून थेंब टाकत, झाकण लावून हलवत जावे. पहिल्या बाटलीत थोड्याच थेंबांत दाट फेसाचा थर बसतो. दुसरीत पाणी आधी दुधट होते, मग तरंगणाऱ्या कण्या दिसू लागतात, आणि फेस बराच उशिरा येतो. प्रयोगाला खरा साबणच हवा. शँपू किंवा भांड्यांचे लिक्विड घेतले तर फरक बराचसा झाकला जाईल. तो का, हे पुढे येईल.

हे पाणी आपल्याकडे असे का, याचे उत्तर खडकात आहे. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेले आहेत. या बेसाल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बाळगणारी खनिजे भरपूर. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकाच्या भेगांतून उतरताना ही खनिजे हळूहळू विरघळवत जाते. पाणी जितका काळ खडकाच्या सहवासात राहील आणि त्यात नव्या पावसाची भर जितकी कमी पडेल, तितके ते जड होते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथल्या आणि कासच्या जांभा दगडातले विरघळण्याजोगे क्षार युगानुयुगांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेले आहेत, म्हणून त्या माथ्यावरचे साठलेले पाणी पावसाच्या पाण्याच्या जवळचे राहते. तिथून पूर्वेकडे उतरत माण-खटाव, आटपाडी, जत गाठावे तर पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो, विहिरी आटतात, आणि बोअर खोल खोल जाते. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात, तेही आपला वाटा देतात. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात आणखी एक कारण येऊन मिळते: उसाला पाटाने बेसुमार पाणी देऊन जमिनी क्षारपड झाल्या, आणि तिथल्या उथळ विहिरींतही क्षार उतरले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणतेची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. म्हणजे नियमात बसणारे, पिता येण्याजोगे पाणीही फेसाच्या दृष्टीने पार निरुपयोगी असू शकते.

या भागातल्या माणसाला हे सगळे वेगळ्या नावांनी ठाऊक आहेच. या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, असे म्हणणारी गृहिणी कॅल्शियमबद्दलच बोलत असते. तो डाळीच्या पेशींमधल्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतो. गिझरच्या कॉइलवर चढणारा खडू तोच. ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदल्या की त्यांतून सौम्य आम्ल सोडून साफ करणारा शेतकरी तोच विरघळवत असतो. तासगावकडचा द्राक्षबागायतदार जीए या संजीवकाच्या फवारणीआधी टाकीतल्या पाण्याचा सामू तपासून तो साडेपाच-सहापर्यंत खाली आणतो, कारण बोअरचे पाणी जसेच्या तसे वापरले तर औषध वाया जाते हे त्याला पक्के माहीत असते. गंमत अशी की हाच माणूस संध्याकाळी बागेतून येऊन गाडी धुवायला घेतो आणि फेस आला नाही की शँपूला नावे ठेवतो. औषधाच्या टाकीला लावलेला विचार बादलीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

यावर जाणकार वाचकाचा पहिला आक्षेप ठरलेला आहे. गाडीला हल्ली साबण लावतो कोण? शँपू म्हणजे डिटर्जंट, आणि डिटर्जंटचा शोधच मुळी कठीण पाण्यासाठी लागला. आक्षेपात तथ्य आहे. डिटर्जंटच्या रेणूचे पाण्यात रमणारे टोक सल्फोनेट किंवा सल्फेटचे असते आणि त्याचे कॅल्शियमशी इतके घट्ट जमत नाही. साक्यासारखा साका बनत नाही. पण सगळे डिटर्जंट एका माळेचे मणी नव्हेत. कपड्यांच्या पावडरीतला नेहमीचा घटक जास्त कठीण पाण्यात हळूहळू हार खातो, म्हणून तर पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर घातलेला असतो. सोडा कॅल्शियमला खडूच्या रूपाने खाली बसवतो आणि उरलेल्या डिटर्जंटला मोकळे ठेवतो. कपड्याला हे चालून जाते. गाडीच्या रंगावर मात्र तो खडू भुकटी होऊन पसरतो आणि सोड्याचा तीव्र अल्कधर्म पॉलिशचा मेणचट थर उतरवतो. डोक्याच्या आणि गाडीच्या शँपूत साधारणपणे जो घटक असतो, तो कॅल्शियमला बरीच कमी दाद देतो. त्याला जोड म्हणून अनेकदा खोबरेल तेलापासून बनवलेला फेस धरून ठेवणारा घटक असतो. म्हणून डोक्याच्या शँपूची पुडी वापरणाऱ्याला उगाच हसू नये. कपड्यांच्या पावडरीपेक्षा ती गाडीला कितीतरी सौम्य आहे. तिच्यात केस मऊ करण्यासाठी घातलेल्या पदार्थांचा पुसट थर काचेवर राहतो, एवढे तिचे न्यून. तरीही आक्षेप कसोटीला पूर्ण उतरत नाही, कारण चांगला शँपूसुद्धा दोन आघाड्यांवर खर्च होत असतो. गाडीवरचा तेलकट मळ त्याला ओढतो, वर धुळीतले खनिज कण आपल्या अंगावर त्याचा थर चढवून घेतात. त्यात पाण्यातल्या क्षारांची भर पडली की सुरुवातीला उठलेला फेस अर्ध्या गाडीतच मरतो. आणि शँपू कितीही उत्तम असला तरी धुऊन झाल्यावर सुकणाऱ्या पाण्यातले क्षार तो कुठे नेणार?

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. फेसाने मळ निघतच नाही, मग त्याचा एवढा विचार कशाला? फेसाने मळ निघत नाही हे खरेच आहे. दार समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनची पावडर मुद्दाम कमी फेसाची बनवतात, आणि कपडे स्वच्छ निघतात. उलट रिठ्याला दाटच्या दाट फेस येतो, सराफ त्यात दागिने धुतात, रेशमी लुगडी त्यात धुतली जात, पण डिझेल-ग्रीसचा डाग त्याला आवरत नाही. मळ सोडवतात ते पाण्यातले रेणू. ते तेलाच्या कणाला चहूबाजूंनी वेढून पृष्ठभागावरून उचलतात आणि पाण्यात तरंगत ठेवतात. बुडबुड्यांत तर बहुतेक हवाच असते. थर्मामीटरमधला पारा ताप उतरवत नाही, तरी तो पाहिल्याशिवाय औषध ठरत नाही, तसे फेसाचे आहे. बादलीत फेस उभा आहे म्हणजे मोकळे रेणू अजून शिल्लक आहेत; फेस बसला म्हणजे आता फडके केवळ मळक्या पाण्यात बुडते आहे. क्लार्क यांनी पाण्याबद्दल जी खूण वापरली तीच इथे बादलीबद्दल वापरायची.

ही खूण गाडीच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरते ती आपल्या धुळीमुळे. रंगावरचा पारदर्शक थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतका पातळ आणि प्लास्टिकसारखा मऊ. रस्त्यावरून उडून त्याच्यावर बसते ती काळ्या खडीची भुकटी. तिच्यातली खनिजे लोखंडाच्या खिळ्यापेक्षा कठीण. महामार्गालगतच्या, खडी क्रशर किंवा रस्त्याचे काम जवळ असलेल्या गावांत तर ती रोज नव्याने बसते. गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून येणारी काजळी आणि चिपाडाची राख तिच्यावर चढते. काळ्या मातीचा चिखल वाळला की आकसून घट्ट धरतो, आणि आतल्या कणांना फडक्याखाली सुटू देत नाही. उन्हात काळ्या गाडीवर दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे प्रवासात पडलेली नसतात. बहुतेक दारातच, धुताना पडतात. कण आणि रंग यांच्यामध्ये निसरडा ओलसर थर राहिला तर कण घरंगळत जातो, नाही राहिला तर ओरखडा उठतो. हा थर देतात ते मोकळे रेणूच. फेस त्यात दोन कामे करतो: पाणी लगेच ओघळून जाऊ देत नाही, आणि कुठली जागा झाली, कुठली राहिली हे डोळ्यांना दाखवतो. तेव्हा फेस हवा. तो दिखाव्यासाठी नको, खूण म्हणून हवा.

आता तो आणायचा कसा. रेणू पुरेसे असले तरी हवा कोंडल्याशिवाय फेस होत नाही, आणि बादलीत आधी पाणी भरून वर शँपू ओतणाऱ्याने ही हवा फुकट घालवलेली असते. शँपू तळाशी घालावा, त्यावर दोन-तीन लिटर पाणी पाइपच्या तोंडाशी अंगठा दाबून जोराच्या धारेने सोडावे, आणि फेस उभा राहिला की उरलेले पाणी बादलीच्या कडेने अलगद भरावे. धार पाण्याबरोबर हवा खाली नेते. वॉशिंग सेंटरवर फोम मारणारा माणूस यंत्राने हेच करतो. त्याच्या बंदुकीत बारीक जाळी असते, जाळीतून शँपूपाणी आणि हवा एकत्र दाबाने जातात, बुडबुडे बारीक निघतात, आणि बारीक बुडबुड्यांचा फेस जास्त वेळ अंग धरतो. घरी ते यंत्र नसले तर अडत नाही. फेसाच्या आधी साध्या पाण्याने मोकळी धूळ पूर्ण उतरवणे हे यंत्रापेक्षा मोलाचे, कारण उतरलेली धूळ शँपू खात नाही. दुसरी बादली केवळ फडके खळखळण्यासाठी ठेवली तर पहिलीतला फेस शेवटच्या दारापर्यंत पुरतो. चाकांचे आणि खालच्या पट्टीचे फडके वेगळे असावे, हे सांगायला नको. आणि सावली पाहावी. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेचा पारा चाळिशीकडे सरकलेला असतो, बॉनेटवर हात ठेववत नाही. तिथे फेसातले पाणी उडून जाते आणि शँपूचा थर रंगावरच करपतो. सकाळी ऊन चढण्याआधी धुणाऱ्याचा बराच शँपू वाचतो.

पाणी सुधारण्याचे म्हणून जे उपाय सांगितले जातात त्यांतले काही मात्र निव्वळ समजुती आहेत. तुरटी फिरवून पाणी हलके होते, ही त्यांतली सगळ्यात रुजलेली. तुरटी गढूळपणा खाली बसवते. विरघळलेला कॅल्शियम तिला भीक घालत नाही. दुसरी समजूत नव्या काळाची आणि चांगल्या हेतूची आहे: आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया न घालवता गाडीला वापरावे. आरओ पाण्यातले क्षार नष्ट करत नाही, ते फक्त एका बाजूला ढकलतो. निम्मे पाणी गाळून पिण्यासाठी घेतले तर उरलेल्या निम्म्यात क्षार जवळजवळ दुप्पट होतात. घरातले सर्वांत जड पाणी वेचून काढून आपण ते रंगावर ओततो आणि मग डागांचे नवल करतो. त्या पाण्याने अंगण धुवावे, चाकांचा चिखल काढावा. फेसाला आणि शेवटच्या धारेला ते नको. उकळून पाणी सुधारते, पण सगळे नाही. बायकार्बोनेटची कठीणता उकळल्यावर खडू होऊन बसते, सल्फेट आणि क्लोराइडची तशीच राहते, आणि गाडीसाठी बादल्या उकळणे हा व्यवहारही नव्हे.

उपयोगी पडते ते वेगळे पाणी. मृगाच्या पहिल्या दोन सरी पत्रा धुऊन जाऊ दिल्या की त्यानंतरचे पत्र्यावरचे पाणी फेसाच्या दृष्टीने जवळपास आदर्श असते. शंभर चौरस फुटांच्या पत्र्यावर वीस मिलिमीटरचा पाऊस पडला तर पावणेदोनशे लिटर पाणी उतरते. म्हणजे दुष्काळी तालुक्यातसुद्धा एका चांगल्या सरीत दोनशे लिटरचा ड्रम भरत येतो. झाकण घट्ट हवे, नाहीतर डास. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेच्या तालुक्यांत नेले आहे. वाहत्या नदीचे ते पाणी खोल बोअरपेक्षा सहसा हलके असते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतली वाफ थंड होऊन बनलेले असल्याने त्यात क्षार जवळपास नसतातच. कोरड्या उन्हाळ्यात ते थोडे मिळते, पण शेवटच्या धारेला एक बादली पुरते. बंगल्यांतून बसवली जाणारी सॉफ्टनरची टाकी कॅल्शियम काढून घेते आणि बदल्यात सोडियम देते. फेस लगेच सुधारतो. पाणी सुकल्यावर तेही डाग ठेवते, मात्र ते डाग ओल्या फडक्याने निघतात. कॅल्शियमचे तसे नाही. धुतल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहिले आणि त्याची कठीणता 400 असली, तर सुकल्यावर मागे 0.2 ग्रॅम खडू उरतो. चिमूटभरही नाही, पण काळ्या बॉनेटवर तो थेंबाथेंबाच्या पांढऱ्या कड्यांनी दिसतो, आणि उन्हात पुन्हा पुन्हा भाजला की घट्ट बसतो. ताजे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने निघतात, लगेच पाण्याने धुऊन टाकायचे. त्याहून सोपे म्हणजे गाडी उन्हात सुकू न देता मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घेणे.

शेवटचा आक्षेप रसायनाचा नाही, आणि तो टाळता येणार नाही. जिथे उन्हाळ्यात वस्त्यांवर टँकर फिरतात तिथे फेसाची चर्चा शोभते का? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला गेले. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेले, आणि देशभर त्याची बातमी झाली. चालू पाइपने मिनिटाला दहा लिटर धरले तरी पंचवीस मिनिटांत एका गाडीवर अडीचशे लिटर पाणी जाते. म्हणजे दोन हजार गाड्यांनी एका सकाळी ती आगगाडी रिकामी केली. पण हा आक्षेप पाइपला लागतो, फेसाला लागत नाही. फेस खुणेसारखा वापरणाऱ्याला तीन बादल्या पुरतात: एक मोकळी धूळ उतरवायला, एक शँपूची, एक खळखळायला आणि शेवटी हलक्या पाण्याचे दोन-चार मग. पंचेचाळीस-पन्नास लिटरमध्ये काम उरकते. ढीगभर फेस करणाऱ्याला तो उतरवायलाच चार बादल्या जातात, आणि स्वच्छतेऐवजी बडेजाव पदरात पडतो. गाडी घेऊन ओढ्यावर किंवा कॅनॉलवर जाण्याची पद्धत तर पाणी वाचवत नाही, ती फक्त आपला शँपू, ग्रीस आणि तेल खालच्या गावाच्या पाण्यात पाठवते. टंचाईच्या महिन्यांत गाडी न धुता ओल्या फडक्याने काचा आणि दिवे तेवढे पुसावे. मात्र धुळीने भरलेल्या रंगावर कोरडे किंवा नुसते ओलसर फडके फिरवू नये, मळकी गाडी ओरखडलेल्या गाडीपेक्षा बरी.

तेव्हा फोम मारण्याची बंदूक किंवा परदेशी शँपूची बाटली घेण्याआधी घरच्या पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासण्याची सोय असते, आणि अहवालात एकूण कठीणता या नावाची एक ओळ असते. तो आकडा दोनशेच्या आत असेल तर साधा शँपू पुरेल. तीनशे-चारशेच्या पुढे असेल तर आधी ड्रम आणि पन्हळीची सोय करा, शँपूचे नंतर पाहता येईल.